टीएलपी: टूल उत्तम, पण सूत्रं त्याच्याच हातात आहेत ना, हे आधी बघा

लिनक्स लॅपटॉपवर टीएलपी हे बॅटरी वाचवणारं टूल टाकलं आणि बॅटरीत काडीचा फरक पडला नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. बहुतेक वेळा टीएलपीला कामच करू दिलेलं नसतं. हे टूल मागे सतत चालत राहत नाही. मशीन सुरू होताना, चार्जर लावल्या-काढल्यावर आणि झोपेतून उठल्यावर ते कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सेटिंग्ज बदलतं आणि बाजूला होतं. नंतर दुसऱ्या प्रोग्रॅमने त्याच सेटिंग्ज फिरवल्या, तर त्याला पत्ताही लागत नाही.

म्हणून इन्स्टॉल केल्यावर पहिली कमांड ‘सुडो टीएलपी-स्टॅट -एस’. तिथे स्टेट ‘एनेबल्ड’ दिसलं पाहिजे आणि चार्जर काढल्यावर मोड बॅटरीवर गेला पाहिजे. नेहमीचा अडथळा म्हणजे पॉवर-प्रोफाइल्स-डेमन, म्हणजे डेस्कटॉपचे पॉवर मोड सांभाळणारा, मागे चालणारा प्रोग्रॅम. फेडोरा ४१ पासून त्याच्या जागी ट्यून्ड हा तसाच प्रोग्रॅम असतो. नुसतं ‘स्टॉप’ करून भागत नाही, कारण डेस्कटॉप ते परत उठवतो. ‘सिस्टिमसीटीएल मास्क’च करा, म्हणजे ते कुणालाच सुरू करता येत नाही. टीएलपी १.९ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये मग डेस्कटॉपच्या मेनूतला पॉवर मोडचा पर्याय गायब होतो. अशी जुनी आवृत्ती असेल आणि तो पर्याय रोज वापरत असाल, तर खरंच टीएलपीच्या वाटेला जाऊ नका, पॉवर-प्रोफाइल्स-डेमन पुरेसं आहे. ऑटो-सीपीयूफ्रेक हे तसंच वीज वाचवणारं टूल, हाही तिसरा भिडू सोबत नको.

टीएलपीचं आम्हाला सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे चार्जिंगची मर्यादा. थिंकपॅडवर ७५ ला सुरू, ८० ला बंद असं लिहिलं की बॅटरी कायम १०० टक्क्यांवर तुंबून राहत नाही. मात्र ७८ टक्के असताना चार्जर लावला तर चार्जिंग सुरूच होणार नाही. चार्जर बिघडलेला नाही, ७५ च्या खाली उतरल्याशिवाय ते सुरू होत नाही इतकंच. प्रवासाआधी पूर्ण भरायची असेल तर ‘सुडो टीएलपी फुलचार्ज’. ही सोय प्रत्येक कंपनीच्या मशीनवर सारखी नाही: आसुसवर फक्त वरची मर्यादा, लेनोवोच्या आयडियापॅडवर नुसतं चालू किंवा बंद. तुमच्या मशीनवर काय चालतं ते ‘टीएलपी-स्टॅट -बी’ सांगतं. मूळ क्षमतेपैकी किती टक्के उरली, तेही तिथेच दिसतं. हा आकडा ६० च्या आसपास असेल, तर सेटिंग्जशी झगडण्यात अर्थ नाही, बॅटरी बदला.

त्रास होतो तो यूएसबीचा. वापर नसलेली उपकरणं टीएलपी झोपवतं. कीबोर्ड-माउस त्यातून वगळलेले असले, तरी एखादा डॉक (एका केबलने अनेक उपकरणं जोडणारा डबा) मधेच तुटतो. ‘टीएलपी-स्टॅट -यू’ मधून त्याचा आयडी घ्या, ‘ईटीसी’ फोल्डरातल्या टीएलपी डॉट कॉन्फ मध्ये यूएसबी डिनायलिस्टला (न झोपवायच्या उपकरणांच्या यादीला) जोडा आणि ‘सुडो टीएलपी स्टार्ट’ द्या. गाणं थांबल्यावर स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर साउंड पॉवर सेव्ह शून्य करा. वायफाय रेंगाळत असेल, तर बॅटरीवरचं वायफाय पॉवर सेव्हिंग बंद करा. एका वेळी एकच ओळ बदला, नाहीतर दोषी कोण ते कळत नाही.

झाकण लावून ठेवलेला लॅपटॉप सकाळी रिकामा मिळतो, ही तक्रार मात्र टीएलपीच्या कक्षेबाहेरची. सिस फोल्डराच्या ‘पॉवर’मधली मेम_स्लीप ही फाइल उघडा. चौकटी कंसात (म्हणजे सध्या निवडलेलं) ‘एसटूआयडल’ ही हलकी झोप असेल आणि शेजारी ‘डीप’ ही गाढ झोपही दिसत असेल, तर कर्नलला ‘मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप’ हे बूट पॅरामीटर देऊन बघा. ‘डीप’ नावालाही नसेल, तर फर्मवेअर ती झोप देतच नाही. अशा इंटेल मशीनवर डीबगएफएसच्या (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फोल्डराच्या) पीएमसी_कोर मधला एसएलपी_एस०चा, म्हणजे गाढ झोपेत गेलेल्या वेळेचा, आकडा झोपेच्या आधी आणि नंतर वाचा. तो जागचा हलला नसेल, तर प्रोसेसर गाढ झोपलाच नाही. मग बायॉस अपडेट करा आणि कोणतं उपकरण त्याला जागं ठेवतंय ते एकेक काढून शोधा.