रोजचा कच्चा मास्तर की अर्ध्या वेळेचा पक्का?

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १८६६च्या कायद्याने नियमित सरकारी शाळेसाठी २५ मुलांची अट घातली. रानात विखुरलेल्या वस्त्यांवर एवढी मुलं आणायची कुठून? मग दोनच वाटा उरत.

१५ मुलं जमली तर ‘प्रोव्हिजनल’, म्हणजे तात्पुरती शाळा. पगार आणि पुस्तकं सरकारची, खोली-बाकं पालकांची. खोली कसली, उभ्या फळ्यांच्या भिंती आणि वर झाडाच्या सालीचं छप्पर. फटींतून वारा थेट पाटीवर. मास्तर बहुधा प्रशिक्षण न घेतलेला, पण रोज हजर.

तेवढीही मुलं नसली तर ‘हाफ-टाइम’ शाळा: दोन ठिकाणी मिळून २० मुलं, मास्तर एकच. तो घोड्यावरून आलटून-पालटून दोन्हीकडे जायचा. नदीला पूर आला की अलीकडची पोरं खूश!

कागदावर पहिली वाट बरी दिसते. मला मात्र दुसरी पटते. हे फिरते मास्तर सहसा जास्त तयारीचे असत, आणि गाई पिळायला, कापणीला घरी हात हवेच असल्याने अर्धी शाळा शेतकऱ्यालाही परवडे. अर्थात, मास्तर नसतानाचा गृहपाठ घरी कोण बघणार? आईबापच निरक्षर असले तर तात्पुरती शाळाच बरी.