नवं ‘प्लेयर्स हँडबुक’: पकड सोपी झाली, फरफट अर्धवटच

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाचं २०२४ चं नियमपुस्तक, प्लेयर्स हँडबुक, ३८४ पानांचं आहे. इथे त्यातल्या फक्त ग्रॅपलबद्दल, म्हणजे लढाईत शत्रूला पकडून ठेवण्याबद्दल, कारण टेबलावर हुज्जत तिथेच जास्त होते.

२०१४ च्या नियमांत दोघांनी फासे टाकायचे: तुमचं ॲथलेटिक्स (ताकदीचं कौशल्य) विरुद्ध समोरच्याचं ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्स (चपळाईचं). आता ग्रॅपल हा अनआर्म्ड स्ट्राइकचाच, म्हणजे बिनशस्त्र हल्ल्याचाच, एक पर्याय आहे. समोरचा स्ट्रेंग्थ (ताकद) किंवा डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्ह करतो, म्हणजे बचावाचा फासा टाकतो. त्याने गाठायचा आकडा, डीसी, म्हणजे ८ + तुमचा स्ट्रेंग्थ मॉडिफायर (ताकदीचा अधिक-उणा आकडा) + प्रॉफिशियन्सी बोनस (लेव्हलप्रमाणे वाढणारा). खेळ पळतो, हे छानच. पण ॲथलेटिक्समध्ये एक्सपर्टीज (दुप्पट प्रावीण्य) घेतलेल्या ‘रोग’ (Rogue, चोरटा) पात्राची पंचाईत झाली, आणि सेव्ह आल्यामुळे बडे राक्षस लेजेंडरी रेझिस्टन्स (फसलेला सेव्ह मोजक्या वेळा यशस्वी ठरवण्याची ताकद) वापरून पकड चुकवू शकतात.

खरा घोळ ढकलाढकलीत. पकडलेल्याचा स्पीड ० होतो, पण म्हणून तो जागेला खिळत नाही. दुसऱ्या कुणी ढकललं की तो सरकतो, आणि अंतर ग्रॅपलच्या रेंजबाहेर गेलं की पकड सुटते. थंडरवेव्ह हा मंत्र १० फूट ढकलतो, वॉरहॅमरची पुश मास्टरी (त्या शस्त्राचं खास तंत्र) हीही तेवढंच. साथीदाराच्या अशा उत्साहापायी कित्येक पकडी वाया जातात. मात्र दिशा बघा. ५ फुटांच्या चौकटींवर सावज तुमच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात असेल आणि साथीदाराने ते सरळ उजवीकडे १० फूट ढकललं, तर ते पुढच्या उजव्या कोपऱ्यात येतं. म्हणजे अजून शेजारीच, पकड कायम. नाकासमोर असतं तर सुटलं असतं. आणि धक्का तुम्हाला बसला, तर सावज तुमच्यामागे फरफटत येत नाही.

ओढण्याचं गणित वेगळं. सावज ओढताना प्रत्येक फुटाला एक फूट जादा खर्च होतो, म्हणून ३० च्या स्पीडमध्ये १५ फूट. सावज स्वतःच्या मूव्हमेंटने जात नसल्याने त्याच्यावर ऑपॉर्च्युनिटी अटॅक (टप्प्यातून निघणाऱ्यावर मिळणारा आयता हल्ला) होत नाही, तुमच्यावर होऊ शकतो. मजा येते ती स्पाइक ग्रोथ या जमिनीवर काटे उगवणाऱ्या मंत्रात, दर ५ फुटांना २डी४ (चार बाजूंचे दोन फासे) इजा. तुम्ही कडेने बाहेरून चाललात आणि सावज काट्यांतून ओढलंत, तर १५ फुटांना ६डी४, सरासरी १५. चौथ्या लेव्हलपासून मिळणारं ग्रॅपलर ‘फीट’ (feat, पात्राचं खास कसब) घेतलं, की तुमच्याएवढं किंवा लहान सावज ओढायला जादा फूट लागत नाहीत. मग तेच १२डी४.

पण ओढलेलं सावज तुमच्या नेमकं कोणत्या बाजूला येतं? मागे, की कुठल्याही शेजारच्या चौकटीत? पुस्तक गप्प. काट्यांचा सगळा हिशोब याच्यावर अवलंबून असताना ही कंजुषी खटकते. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) पहिल्या सेशनआधीच ठरवून टाकावं. जागेवर उभं राहून सावज भोवती फिरवणं मात्र बसत नाही. तुम्ही हललात तरच ते हलतं.

फक्त एवढ्यासाठी पुस्तक विकत घेऊ नका. हे सगळे नियम, ग्रॅपलर फीटसकट, २०२५ मध्ये आलेल्या एसआरडी ५.२ या मूळ नियमांच्या खुल्या दस्तऐवजात फुकट आहेत.