स्टीअरिंग जड झालंय: ग्रीस, नवी केबल की हायड्रॉलिक?

आउटबोर्डवर (मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनावर) चालणाऱ्या मच्छीमार होडीचं स्टीअरिंग जड झालं की तीन सल्ले हमखास कानावर येतात. एक म्हणतो ग्रीस मार, दुसरा म्हणतो केबल बदल, तिसरा म्हणतो आता हायड्रॉलिकच, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारं स्टीअरिंग, बसवून टाक. तिघांचंही आपापल्या होडीपुरतं खरं असतं. तुमच्या होडीत जडपणा नेमका कुठे आहे हे शोधण्याआधी यातलं काहीही विकत घेतलंत तर पैसे पाण्यात गेलेच म्हणून समजा.

शोधायला फारसा वेळ लागत नाही. होडी बांधलेली, इंजिन बंद. केबलच्या रॅमला (टोकाच्या धातूच्या दांड्याला) इंजिनाशी जोडणारा लिंक आर्म सोडवा. आधी इंजिन हाताने डावी-उजवीकडे ढकलून बघा, मग नुसतं चाक फिरवा. इंजिन सहज वळतंय आणि चाक अडतंय, तर दोष केबलमध्ये, टिल्ट ट्यूबमध्ये (रॅम जिच्यातून सरकतो त्या आडव्या नळीत) किंवा हेल्ममध्ये, म्हणजे चाकामागच्या यंत्रणेत. चाक मोकळं आणि इंजिनच हटत नसेल, तर इंजिन ज्या उभ्या पिनवर वळतं त्या स्विव्हल ब्रॅकेटमधलं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालंय. दोन्ही जड निघाले तरी नवल नाही, कारण एकीकडे ग्रीस मारायचं राहिलं की सहसा दुसरीकडेही राहिलेलं असतं. टिलरवाल्यांचं, म्हणजे चाकाऐवजी इंजिनाच्या दांड्याने होडी वळवणाऱ्यांचं, काम सोपं: घर्षण कमी-जास्त करायचा स्क्रू किंवा लिव्हर कुणी आवळून ठेवलाय का ते पाहा, नसेल तर थेट स्विव्हलकडे वळा.

एक प्रकार या तपासणीत सापडतच नाही. बांधलेल्या होडीत सगळं हलकं, पण वेग घेतला की चाक एका बाजूला ओढतं आणि दुसऱ्या बाजूला वळवताना जड लागतं. ही पंख्याच्या फिरण्याची ओढ आहे. आधी इंजिनाचा ट्रिम, म्हणजे पुढे-मागे कलण्याचा कोन, बदलून बघा. तरी ओढ राहिली तर पंख्याच्या वर, इंजिनाच्या आडव्या पट्टीखाली असलेला छोटा ट्रिम टॅब (पात्यासारखा तुकडा) ढिला करून, होडी ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला त्याचं मागचं टोक किंचित वळवा आणि आवळा. खर्च शून्य. मात्र इंजिन इतकं उंच बसवलेलं असेल की वेगात टॅब पाण्याबाहेर राहतो, तर त्याचा काही उपयोग होत नाही.

ग्रीस विरुद्ध केबल

दोष स्विव्हलमध्ये असेल तर ही तुलनाच नको, ग्रीसच. निप्पलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) ग्रीस गन लावा आणि दुसऱ्याला इंजिन सतत डावी-उजवीकडे हलवत ठेवायला सांगा. नवं ग्रीस स्विव्हलच्या वरून-खालून बाहेर यायला हवं. निप्पलच्या कडेनेच ते फुटून येत असेल तर आत काही जात नाहीये. निप्पल काढा, मागचं भोक तारेने मोकळं करा आणि पुन्हा प्रयत्न करा. हीट गनने ब्रॅकेट जरा कोमट केलं तर जुनं ग्रीस सुटायला मदत होते, पण आतले बुश प्लास्टिकचे असू शकतात म्हणून बेताने. आणि पेट्रोलच्या टाकीशेजारी उघडी ज्योत नकोच. एवढ्यानेही हललं नाही तर ब्रॅकेट खोलावं लागतं, आणि ते काम मेकॅनिककडे दिलेलं बरं.

दोष केबलच्या बाजूला असेल तर मात्र विचार करावा लागतो. टिल्ट ट्यूब साफ करून ग्रीस भरलं की रॅम मोकळा होतो, पण केबलच्या आवरणात बसलेल्या गंजाला ते ग्रीस पोचत नाही. या केबल कारखान्यातूनच ग्रीस भरून बंद होऊन येतात. आवरणाला भोक पाडून तेल सोडायचा उद्योग काही जण करतात. त्याने थोडे दिवस बरं वाटतं आणि त्याच भोकातून खारं पाणी आत शिरतं.

निर्णय घ्यायला रॅम पूर्ण बाहेर काढून नीट पाहा. नुसतं वाळलेलं ग्रीस आणि मीठ दिसत असेल तर स्वच्छता पुरे. जिथे रॅम ट्यूबमधून बाहेर येतो तिथे तपकिरी पट्टा आणि बोटाला लागणारे खड्डे असतील, किंवा जवळचं काळं आवरण फुगून चिरलं असेल आणि चिरेतून गंजाचा ओघळ आला असेल, तर केबल संपली. ग्रीस मारून महिनाभरात पुन्हा जड झालं तरी निदान तेच.

टिल्ट ट्यूबच्या निप्पलमधून ग्रीस भरताना आधी चाक फिरवून रॅम पूर्ण आत घ्या. बाहेर असताना भरलं तर ग्रीस मागे कोंडून स्टीअरिंगच अडकू शकतं.

केबल बदलणं ऐकायला सोपं. प्रत्यक्षात जुनी केबल ट्यूबमधून आडवी ओढून काढावी लागते आणि पुष्कळ होड्यांत बाजूची भिंत आड येते. मग इंजिन ट्रान्समवरून (होडीच्या मागच्या फळीवरून) ढिलं करून उचलण्यावाचून गत्यंतर नसतं. नवी केबल मागवताना लांबी अंदाजाने सांगू नका. जुन्या आवरणावर नंबर असतो, त्याचे शेवटचे दोन आकडे बहुधा फुटांतली लांबी असते. ट्यूब आतून गोल ब्रशने चकचकीत केल्याशिवाय नवा रॅम घालू नका, आणि केबलचं वळण 8 इंच त्रिज्येपेक्षा तंग ठेवू नका. तंग वळणात कोरी केबलही जड चालते.

दुकानदार सोबत नो-फीडबॅक हेल्म सुचवेल. चाक सोडलं तरी ते जागेवर राहतं, जाळं ओढताना हात मोकळे होतात. घ्यायला हरकत नाही. पण ते ओढ थोपवतं, घर्षण कमी करत नाही. हलकेपणासाठी घेतलंत तर निराशा होईल.

हायड्रॉलिक कधी?

चालवायला हायड्रॉलिकच सरस. हलकं, ओढ हाताला लागत नाही, खारं पाणी शिरायला केबल नाही. पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केबलवाल्या चाकाला साधारण तीन फेरे लागतात, हायड्रॉलिकला पाचच्या आसपास. बोयाभोवती किंवा जाळ्याच्या कडेने पटकन वळायची सवय असलेल्याला हा फरक जाणवतो. बसवताना तेलाच्या नळ्यांतली हवा पूर्ण काढावी लागते, नाहीतर चाक स्पंजासारखं लागतं. सील गळायला लागलं की चाक फिरत राहतं आणि इंजिन मागे पडतं. केबल बहुतेक वेळा आधी जड होऊन सूचना देते. हायड्रॉलिकवाल्याने तेलाची बाटली होडीत ठेवावी आणि हेल्मची पातळी बघत राहावं.

विक्रेता सहसा सांगत नाही ते असं: इंजिनासमोर बसून त्याला वळवणाऱ्या सिलेंडरचा आधाराचा दांडा त्याच टिल्ट ट्यूबमधून जातो. गंजलेली ट्यूब साफ करण्यातून सुटका नाहीच. आणि स्विव्हल आखडलेलं असताना हायड्रॉलिक बसवलं तर ते जोराने इंजिन वळवेल, तुम्हाला काही कळणारही नाही, आणि झीज सिलेंडरच्या सीलची व सांध्यांची होईल.

माझं मत: 60-70 हॉर्सपॉवरपर्यंतच्या एका इंजिनाला चांगली केबल पुरते, वर्षानुवर्षं. 115 च्या वर, किंवा दोन इंजिनं असतील आणि दिवसभर चाक हातात असेल, तर जुनी केबल संपल्यावर तिच्या जागी हायड्रॉलिकच घ्या, इंजिनाच्या ताकदीला आणि मॉडेलला मंजूर असलेलं. मधल्या इंजिनांना केबल आधी.

यांपैकी काहीही केलंत तरी लिंक आर्मचे नायलॉनचे लॉक नट नवेच लावा. चालत्या होडीत तो सांधा सुटला तर इंजिन झटक्यात पूर्ण वळतं आणि उभा माणूस पाण्यात फेकला जातो. मग इंजिन खाली असताना आणि पूर्ण वर उचललेलं असताना, दोन्ही वेळा चाक टोकापासून टोकापर्यंत फिरवून केबल किंवा होज (हायड्रॉलिकची नळी) कुठे ताणला-घासला जातोय का ते पाहा.