ॲक्रिलिकचा जुना टीपॉय: घरी घासावा, गॅरेजला द्यावा की शीटच बदलावी?

2019 च्या पुरात सांगलीत आमच्या तळमजल्यावरचं प्लायवुडचं कपाट फुगून गेलं. मामांचा जुना ॲक्रिलिकचा टीपॉय मात्र पाण्यातून धडधाकट निघाला. चरे पडले ते नंतर, आमच्याच हातांनी: वाळलेला गाळ कोरड्या फडक्याने पुसला! गाळात बारीक वाळू, आणि ॲक्रिलिक म्हणजे काचेसारखं दिसणारं पारदर्शक प्लास्टिक, काचेपेक्षा कितीतरी मऊ.

तुमच्याकडेही असं काही असेल तर आधी चऱ्यावरून नख फिरवा. अडकत नसेल तर कुणाला पैसे देऊ नका. साबणाच्या पाण्याने धुवा, मायक्रोफायबरच्या फडक्याने प्लास्टिक पॉलिश चोळा. पांढऱ्या टूथपेस्टनेही बारीक ओरखडे जातात, फक्त हात दुखतो. नेमक्या चऱ्यावरच घासत बसलात तर तिथे खळगा पडतो आणि आरपार बघताना पलीकडचं वाकडं दिसतं.

नख अडकलं तर वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर: 800, 1000, 1500, 2000 नंबरचे, याच क्रमाने (नंबर मोठा तसा पेपर बारीक), सतत पाणी सोडत. पहिल्या पेपरनंतर सगळं दुधी होतं आणि पोटात गोळा येतो. मधेच सोडू नका, शेवटी कंपाऊंडने (घासून चमक आणायच्या पेस्टने) चमक येते. टीपॉयचा अख्खा वरचा भाग असेल तर इथे गाड्या रंगवणारं गॅरेज बरं, त्यांच्याकडे बफिंग मशीन (फिरत्या पॅडने चमकवणारं) असतं. पण त्यांचा हात गाडीच्या रंगाला बसलेला. ॲक्रिलिक 100 अंशांच्या आसपास मऊ पडतं, मशीन एका जागी थांबलं की डाग कायमचा. शेजारी उभं राहून स्पीड कमी ठेवायला सांगा. आणि थिनरचा बोळा दिसला तर सरळ हात धरा. थिनर, ॲसिटोन, स्पिरिट, अमोनियावाला काच-क्लीनर, यांनी आत केसासारख्या भेगा पडतात. त्या कुठल्याही पॉलिशने जात नाहीत.

अशा भेगा पडल्याच, तर बोर्ड-नेमप्लेटवाल्याकडून नवीन शीट कापून घ्या. सपाट फळीला हे सोपं. एकाच शीटला गरम करून वाकवलेला जुना टीपॉय असेल तर मी तरी बदलणार नाही. तसा बाक पुन्हा मिळणं कठीण. नव्या शीटच्या कडा चमकवायला बोर्डवाले ज्योत फिरवतात. दिसतं झकास, पण त्याने आत ताण राहतो आणि पुढे कधी स्पिरिट लागलं की कड तडकते. कडांना वॉटर पेपरच बरा.

आमच्या टीपॉयची एक कड अजून दुधीच आहे. मामींनी ती बाजू भिंतीकडे फिरवून ठेवलीय.