वेताळ टेकडी, पुणे: जायचं तर पहाटे

सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही लॉ कॉलेज रस्त्याकडून एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने गाडीने वर जातो. तिथून वाट जवळजवळ सपाट आहे. पाय धड असतील तर पंचवटी किंवा कोथरूडकडून चढा, चढण खरी तिकडेच आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, शहरातली सर्वांत उंच जागा. तिकीट नाही. वर पाणी मिळत नाही, बाटली न्या आणि रिकामी झाली की परत आणा. टेकडीवरच्या दगडखाणीच्या काठावर पडलेला कचरा बघून जीव तुटतो.

मला सगळ्यात आवडतो तो फेब्रुवारी-मार्च. तेव्हा सालई, मोई ही झाडं निष्पर्ण उभी असतात आणि मध्येच गणेर पिवळाधमक फुलतो, अंगावर एक पान नसताना! मोरांची केका ऐकू येते, नशीब असेल तर दर्शनही होतं. गुलाबी फुलांची झाडं दिसतील तीही सुंदर आहेत, पण ती ग्लिरिसिडिया, मूळची मध्य अमेरिकेची, लावलेली आहेत. तिच्याखाली आपलं गवत आणि झुडपं नीट वाढत नाहीत. फोटो काढा, पण हेच इथलं जंगल असं मुलांना सांगू नका.

स्पीकरवर गाणी लावून चालू नका, कळकळीची विनंती आहे. टेकडीतून रस्ता आणि बोगदे काढायला पुणेकर विरोध का करतात, ते एकदा इथे चालून बघा. माझ्याकडून पाचपैकी पाच.