सन अल्ट्रा ६० आणि सोलारिस ८: काही महिने सांभाळल्यानंतर

सोलारिस ८ या सनच्या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टीमने इतक्या महिन्यांत एकदाही दगा दिला नाही. वेळ खाल्ला तो एका चिपमधल्या बॅटरीने, टेप ड्राइव्हने आणि म्हाताऱ्या डिस्कनी. जुनी युनिक्स वर्कस्टेशनं गळ्यात पडलेल्या, किंवा लवकरच पडणार असलेल्या मंडळींसाठी जरा सविस्तर लिहितोय.

माझ्याकडे सन कंपनीची दोन अल्ट्रा ६० वर्कस्टेशनं आहेत. अल्ट्रास्पार्क-२ प्रोसेसर (दोनपर्यंत बसतात), २ जीबीपर्यंत मेमरी, आत ८० पिनांच्या एससीए जोडणीच्या स्कझी (डिस्क जोडायची जुनी पद्धत) डिस्कसाठी दोन कप्पे. एकावर जुनं सिम्युलेशन सॉफ्टवेअर चालतं आणि त्याचा परवाना यंत्राच्या होस्ट-आयडीला (प्रत्येक यंत्राचा ओळख-क्रमांक) बांधलेला आहे. दुसरं सुट्या भागांसाठी आणि रंगीत तालमीसाठी. ‘हे सरळ लिनक्सवर का नेत नाही?’ असं भेटणारा प्रत्येक जण विचारतो. सोर्स कोड नाही, सॉफ्टवेअर बनवणारे आता अस्तित्वात नाहीत, आणि जुने निकाल त्याच प्रोग्रॅममधून पुन्हा काढून दाखवावे लागतात. म्हणून.

सुरुवात बॅटरीपासून करतो, कारण बाकी बरंच काही तिच्यावर टांगलेलं आहे. मदरबोर्डवर सॉकेटमध्ये एम४८टी५९ नावाची चिप असते. तिच्यात ८ केबी मेमरी, घड्याळ आणि लिथियमची बॅटरी हे तिन्ही एकाच आवरणात बंद. बॅटरी साधारण दहा वर्षांच्या हिशेबाने दिलेली, आणि ही यंत्रं त्याच्या दुपटीहून जास्त जगलेली. बॅटरी संपली की बूट होताना आयडीप्रॉममधला (याच चिपमधली, यंत्राची ओळख ठेवणारी जागा) मजकूर अवैध असल्याची तक्रार येते, इथरनेट पत्ता नुसता एफएफ-एफएफ दिसतो आणि होस्ट-आयडी गायब होतो. होस्ट-आयडी नाही म्हणजे परवाना नाही, म्हणजे यंत्र चालू असूनही निरुपयोगी.

उपाय आहे आणि तो ओके प्रॉम्प्टवरच (सोलारिस सुरू होण्याआधी फर्मवेअर आदेश घेतं ती जागा) आहे. ओपनबूट हे फोर्थ भाषेत लिहिलेलं फर्मवेअर आहे. त्यात ‘एमकेपी’ हा शब्द वापरून आयडीप्रॉमचा एकेक बाइट हाताने परत भरता येतो. या काळातल्या सनचे इथरनेट पत्ते सहसा ०८:००:२० ने सुरू होतात. अल्ट्रा ६० चा होस्ट-आयडी बहुतेक वेळा ८० ने सुरू होतो आणि त्याचे पुढचे तीन बाइट सहसा इथरनेट पत्त्याच्या शेवटच्या तीन बाइटांसारखेच असतात. म्हणून एकाची नोंद सापडली तरी दुसरा काढता येतो. चिपच्या डोक्यावर बारकोडचा स्टिकर असतो, त्यावरूनही काम भागतं. तरीही यंत्र ठीक चालत असतानाच ‘बॅनर’ आदेश देऊन पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि कागदावर छापून केसच्या आतल्या बाजूला चिकटवा. नवी म्हणून मिळणारी चिप अनेकदा जुन्या साठ्यातली असते, म्हणजे तिची बॅटरी आधीच काही वर्षं झिजलेली. काही लोक जुन्या चिपचं डोकं कानशीने घासून बाहेरून ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल जोडतात. हात स्थिर असेल तर ही युक्ती जास्त टिकाऊ, असं माझं मत.

आता घड्याळ आणि बॅकअप यांचा संबंध. तो कळला तेव्हा मला सगळ्यात जास्त धक्का बसला होता. सोलारिसवरचं बॅकअपचं मुख्य हत्यार म्हणजे यूएफएसडम्प, अख्ख्या फाइल सिस्टीमची प्रत (डम्प) काढणारा आदेश. ० पासून ९ पर्यंत पातळ्या. ० म्हणजे पूर्ण, वरची पातळी म्हणजे त्याखालच्या पातळीच्या शेवटच्या डम्पनंतर बदललेलं तेवढंच. ‘यू’ हा पर्याय दिला तर डम्पची तारीख इटीसी डिरेक्टरीतल्या डम्पडेट्स फाइलमध्ये लिहिली जाते आणि पुढचा वाढीव डम्प त्या तारखेशी तुलना करून फाइली निवडतो. समजा बॅटरी गेली, वीज गेली आणि यंत्र उठलं ते त्या तारखेच्याही आधीचं वर्ष घेऊन. आज तयार झालेल्या फाइलींवर जुनी तारीख पडेल, डम्प त्यांना ‘आधीच घेतलेल्या’ समजून वगळेल आणि काम यशस्वी झाल्याचंही सांगेल. कुठेही चूक दाखवली जाणार नाही. त्यामुळे सोलारिसबरोबरच येणारं एक्सएनटीपीडी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) चालू करणं हे माझ्या लेखी बॅकअपचंच काम आहे. बूट होताना आधी वेळ जुळवायची, मग क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) सुरू होऊ द्यायचा.

एवढं सोडलं तर यूएफएसडम्पच्या मी प्रेमात पडलोय. फाइलींच्या परवानग्या, एसीएल (परवानग्यांची सविस्तर यादी), डिव्हाइस फाइली, पोकळ्या असलेल्या फाइली, सगळं जसंच्या तसं परत येतं. फाइल सिस्टीम निवांत असली पाहिजे ही अट मात्र गंभीरपणे घ्या. तो कच्च्या डिव्हाइसवरून वाचतो, त्यामुळे वर कोणी लिहीत असेल तर डम्पमध्ये अर्धवट चित्र उतरतं. एक तर सिंगल यूजरमध्ये जा, नाहीतर एफएसस्नॅप वापरा. ते सोलारिस ८ च्या नंतरच्या एका अपडेटबरोबर आलं, म्हणून तुमच्याकडे मूळ पहिली आवृत्ती असेल तर नसेल. एफएसस्नॅप त्या क्षणाची गोठवलेली प्रत देतं आणि डम्प तिच्यावरून घ्यायचा. बदललेले ब्लॉक साठवायची फाइल वेगळ्या फाइल सिस्टीमवर ठेवावी लागते एवढंच.

टेपबद्दल. मला वारशात डीडीएस-३ ड्राइव्ह मिळाला. एका टेपवर कॉम्प्रेशनशिवाय १२ जीबी, वेग सेकंदाला साधारण एक मेगाबाइट. म्हणजे ९ जीबीची भरलेली डिस्क उतरवायला अडीच तास. वेगाची तक्रार नाही, रात्री कोण बघतंय! खरा सापळा डिव्हाइसच्या नावात आहे. आरएमटी या टेपच्या डिव्हाइस-डिरेक्टरीखाली नुसतं ‘०’ लिहिलं तर काम संपल्यावर टेप सुरुवातीला गुंडाळली जाते; ‘०एन’ लिहिलं तर जिथल्या तिथे थांबते. एका टेपवर रूट, व्हार आणि होम असे तीन डम्प एकापाठोपाठ घ्यायचे असतील आणि ‘एन’ राहिला, तर प्रत्येक डम्प आधीच्यावर लिहिला जातो आणि टेपवर शेवटचा तेवढा उरतो. यंत्रासोबत मिळालेल्या जुन्या स्क्रिप्टमध्ये नेमकं हेच होतं. आधीच्या टेपांवर फक्त होम सापडलं. लेबलवर मात्र सुंदर अक्षरात तिन्ही नावं.

म्हणून आल्याबरोबर पूर्ण पुनर्स्थापना करून पाहिली, तीही दुसऱ्या डिस्कवरून यंत्र उठवण्यापर्यंत. क्रम असा: दुसऱ्या डिस्कवर न्यूएफएस (नवी फाइल सिस्टीम तयार करणं), ती माउंट करून त्या डिरेक्टरीत जायचं, मग यूएफएसरिस्टोर (डम्प परत उतरवणारा आदेश) ‘आरएफ’. वाढीव डम्प असतील तर तेही पातळीच्या क्रमाने. सगळं झाल्यावर मागे राहिलेली रिस्टोअरसिमटेबल फाइल उडवायची, त्याआधी नाही, कारण पुढच्या पातळीला ती लागते. नव्या डिस्कवरच्या व्हीएफएसटॅबमध्ये (कोणती फाइल सिस्टीम कुठे माउंट करायची ती यादी) डिव्हाइसची नावं बदलायची. आणि इन्स्टॉलबूट, म्हणजे बूट ब्लॉक (डिस्कच्या सुरुवातीचा, यंत्र उठवणारा छोटा प्रोग्रॅम) लिहिणं! बूट ब्लॉक ही फाइल नसल्यामुळे तो डम्पमध्ये येतच नाही. तो न लिहिता डिस्कवरून उठवायला गेलात तर ‘आत्ता लोड केलेली फाइल चालवण्याजोगी दिसत नाही’ अशा अर्थाचा निरोप येतो आणि माणूस उगाच डम्पवर संशय घेतो. शेवटी ओके प्रॉम्प्टवरून डिस्क१ वरून ‘आर’ लावून बूट, म्हणजे डिव्हाइसची झाडाझडती नव्याने होते.

एकच फाइल परत हवी असेल तर यूएफएसरिस्टोरचा संवादी प्रकार छान आहे. आत एलएस आणि सीडी करत फिरायचं, हव्या त्या फाइली ‘ॲड’ करायच्या आणि ‘एक्स्ट्रॅक्ट’ म्हणायचं. मग तो कितवी टेप ते विचारतो. एकच असेल तर १. शेवटी ‘टिंब’ (म्हणजे आपण उभे आहोत त्या) डिरेक्टरीचे मालक आणि परवानग्या बदलू का, असा प्रश्न येतो. टेम्पमध्ये उभे असाल तर ‘नाही’ म्हणा, नाहीतर टेम्पच्या परवानग्या बदलून बसतील.

डिस्क व्यवस्थापनात फारसं नाट्य नाही. फॉरमॅट आदेश जुना, मेनूवाला आणि स्पष्ट आहे. आठ स्लाइस (डिस्कचे भाग), ० ते ७, त्यातला २ नंबर म्हणजे अख्खी डिस्क. त्याला हात लावू नये. डिस्कचं लेबल (स्लाइसच्या मांडणीची नोंद) पहिल्या सेक्टरमध्ये असतं. फाइल सिस्टीम ती जागा सोडून लिहिते, पण ० सिलिंडरपासून सुरू होणारा स्लाइस एखाद्या डेटाबेसला कच्चा दिला तर लेबल पुसलं जाऊ शकतं. एका डिस्कची मांडणी दुसरीवर उतरवायला पीआरटीव्हीटॉकचं आउटपुट एफएमटीहार्डला पाइप करायचं, एका ओळीत काम. व्हीएफएसटॅबमध्ये ‘लॉगिंग’ (बदलांची आधी नोंद ठेवणारा) पर्याय लिहून टाका. सोलारिस ८ मध्ये तो आपोआप चालू नसतो, आणि त्याच्याशिवाय वीज गेल्यावर एफएससीके (फाइल सिस्टीमची तपासणी) बघत बसावं लागतं. सुपरब्लॉकच (फाइल सिस्टीमची मुख्य नोंद) बिघडला तर ३२ नंबरच्या ब्लॉकवर पहिली पर्यायी प्रत असते, ती एफएससीकेला सांगता येते.

या काळात एक डिस्क गेली. अचानक नाही. आयओस्टॅटला ‘इएन’ लावलं की प्रत्येक डिस्कच्या सॉफ्ट, हार्ड आणि ट्रान्सपोर्ट चुकांचा आकडा अनुक्रमांकासकट मिळतो. हार्डचा आकडा वाढायला लागला तेव्हाच सुटी डिस्क तयार ठेवली. ट्रान्सपोर्टचा आकडा वाढत असेल तर मात्र आधी केबल आणि टर्मिनेटर बघा, डिस्क बहुधा निर्दोष असते.

आरशासाठी (दोन डिस्कवर एकच डेटा) सॉल्स्टिस डिस्कसूट आहे (सोलारिस ९ पासून त्याचंच नाव सोलारिस व्हॉल्यूम मॅनेजर). मेटाइनिट, मेटारूट, मेटाअटॅच, हे सगळं माहितीपत्रकाप्रमाणे होतं. पण दोनच डिस्क असलेल्या यंत्रात एक खोच आहे. डिस्कसूट आपली अवस्था छोट्या प्रतींमध्ये ठेवतो. चालू राहायला त्यातल्या निम्म्या शाबूत लागतात, मल्टियूजरमध्ये बूट व्हायला निम्म्याहून जास्त. दोन्ही डिस्कवर तीन-तीन प्रती असतील आणि एक डिस्क गेली, तर यंत्र निवांत चालत राहतं. पण रीबूट केलंत की सिंगल यूजरमध्ये अडकतं आणि मेलेल्या प्रती मेटाडीबीने काढायला सांगतं. शेजारी कोणी नसताना लांबून रीबूट करणाऱ्याला हे महागात पडेल. इटीसीतल्या सिस्टम फाइलमध्ये ‘मिरर्ड रूट फ्लॅग’ १ करून निम्म्यावरही उठवता येतं. मी तसं केलेलं नाही. जुनी डिस्क परत जिवंत होऊन शिळ्या माहितीवर यंत्र उठण्यापेक्षा चालत जाऊन दोन आदेश देणं मला परवडतं.

लिनक्सची सवय असलेल्यांसाठी काही धोक्याच्या जागा. किलऑल इथे नाव बघून प्रोसेस मारत नाही. रूट म्हणून चालवलंत तर सगळ्याच मारतो. ‘होस्टनेम -एफ’ पूर्ण नाव दाखवत नाही, यंत्राचं नावच ‘-एफ’ करून टाकतो. डीएफला (डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारा आदेश) ‘एच’ कळत नाही, ‘के’ द्या. रूटचा शेल बदलून यूएसआर-लोकलमधला बॅश करू नका. ज्या दिवशी ती फाइल सिस्टीम माउंट होणार नाही त्याच दिवशी तुम्हाला लॉगिनची गरज असेल. आणि ओके प्रॉम्प्टवर प्रोब-स्कझी-ऑल (स्कझी उपकरणं शोधणारा आदेश) चालवण्याआधी रीसेट-ऑल करा, नाहीतर यंत्र गोठू शकतं. मॉनिटर नसेल तर कीबोर्ड काढून यंत्र चालू करा, कन्सोल आपोआप सीरियल पोर्टवर जातो, वेग ९६००. त्या तारेच्या दुसऱ्या टोकाचं उपकरण बंद केलं तर ब्रेक सिग्नल जाऊन यंत्र ओके प्रॉम्प्टवर येऊन थांबू शकतं. तिथे ‘गो’ म्हटलं की पुढे चालू.

नेटवर्कबद्दल थोडक्यात: इंटरनेटला थेट जोडू नका. टेलनेट, एफटीपी आणि आरपीसीच्या कितीतरी सेवा आपोआप चालू असतात आणि सोलारिस ८ मध्ये एसएसएच मुळातच नाही. वेगळं बसवलंत तरी नवीन ओपनएसएसएच जुन्या एन्क्रिप्शन पद्धतींना नकार देतं, त्या क्लायंटच्या बाजूने मुद्दाम परवानगी देऊन चालू कराव्या लागतात. मी मध्ये एक लिनक्स यंत्र ठेवलंय. अल्ट्रा फक्त त्याच्याशी बोलतं आणि हल्ली डम्पही एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वापरायची पद्धत) आवृत्ती ३ वरून तिथेच फाइल म्हणून जातात. टेप ड्राइव्ह आता फक्त जुन्या टेपा वाचण्यापुरता. त्याच लिनक्सवर स्कझी कार्ड असेल तर सनची डिस्क ‘यूएफएसटाइप=सन’ देऊन फक्त वाचण्यासाठी माउंट होते; यंत्रच मेलं तर हा शेवटचा रस्ता.

कोणी घ्यावं? परवाना, एखादं खास कार्ड किंवा जुने निकाल यांनी बांधलेलं असाल तर निर्धास्तपणे सांभाळा, आणि त्याच वेळी सन४यू (अल्ट्रा ६० ज्या प्रकारात मोडतं तो) चे व्यावसायिक एम्युलेटर तुमच्या परवान्यासकट चालतात का तेही तपासायला घ्या. नुसती हौस असेल तर आवाज आणि उष्णता आधी अनुभवा. मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या दोन डिस्क आणि पंखे एका खोलीत दिवसभर ऐकणं सगळ्यांना झेपत नाही. वापरलेलं यंत्र घेताना चालू अवस्थेतला बॅनरचा फोटो मागा, मॉनिटरची १३डब्ल्यू३ केबल सोबत आहे का विचारा, आणि सुट्या डिस्क घ्याल तर कप्प्यात बसवायच्या ब्रॅकेटसकट घ्या. डिस्क कुठेही मिळते, ब्रॅकेट शोधताना नाकी नऊ येतात.