जळगावचा आयपीओ कागद वाचायचा क्लास: माझा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

जळगावात शेअर मार्केटच्या क्लासला काही तोटा नाही, रिंग रोडला जा नाहीतर गोलाणीकडे, बोर्ड दिसतातच. पण हा क्लास वेगळा आहे म्हणून मुद्दाम लिहितेय. इथे चार्ट नाही, टिप नाही, ग्रे मार्केटचा, म्हणजे शेअर बाजारात येण्याआधीच्या अनधिकृत सौद्यांचा, भाव नाही, एकच गोष्ट शिकवतात, कंपनी पहिल्यांदा पब्लिकला शेअर विकायच्या, म्हणजे आयपीओच्या, आधी जो चारपाचशे पानांचा कागद काढते ना, आधी मसुदा म्हणजे डीआरएचपी आणि नंतर दुरुस्त केलेला आरएचपी, तो आपल्यासारख्या माणसाने वाचायचा कसा. एक सीए सर घेतात, रविवारी सकाळी. सरांची परवानगी घेतलेली नाही म्हणून नाव टाकत नाही, जळगावात चार लोकांना विचारलं तर कळेल.

मी भुसावळहून जाते. मिस्टर रेल्वेत, घरचा सगळा हिशोब माझ्याकडे, आणि आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या ग्रुपवर गेली दोनतीन वर्षं भिशीपेक्षा आयपीओची चर्चा जास्त असते, कोणता लागला, कोणाच्या नावावर भरायचा, जीएमपी म्हणजे ग्रे मार्केटचा जादा भाव किती. कंपनी करते काय हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून मी गेले.

पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना मोबाईल काढायला लावला आणि सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या, साईटवर नेलं, फायलिंग्ज मध्ये पब्लिक इश्यूज. सगळं तिथे फुकट पडलेलं असतं, शेअर बाजाराच्या आणि इश्यू सांभाळणाऱ्या मर्चंट बँकरच्या साईटवर पण असतं. मग तारखांचं सांगितलं आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. डीआरएचपी म्हणजे मसुदा, तो आला की किमान २१ दिवस कोणीही त्यावर सूचना हरकत पाठवू शकतो, कोणीही म्हणजे यावल रावेरचा केळीवाला पण. मग सेबी बघते, प्रश्न विचारते, कंपनी दुरुस्त्या करते, याला महिने जातात, आणि शेवटी आरएचपी येतो, तो इश्यू उघडायच्या किमान तीन दिवस आधी रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडे द्यावा लागतो. इश्यू स्वतः बहुतेक वेळा तीन दिवसच उघडा असतो. म्हणजे वाचायला वेळ भरपूर असतो पण आपण जागे होतो ॲपचं नोटिफिकेशन आल्यावर, तोवर शेजारच्या वहिनींनी भरूनही टाकलेला असतो. काही कंपन्या आता मसुदा आधी गुपचूप सेबीलाच देतात, २०२२ पासून तशी सोय आहे, तिथे लोकांना कागद उशिरा बघायला मिळतो, तेही सरांनी सांगितलं.

वाचायचा क्रम सरांचा ठरलेला आहे. आधी पहिलं पान. मी पहिलं पान म्हणजे नुसतं कव्हर समजत होते पण तिथेच किती काय असतं! इश्यूत नवीन शेअर किती आणि जुन्या मालकांचे विकायला काढलेले किती, आणि विकणाऱ्याला तो शेअर सरासरी किती रुपयाला पडलाय, हे सगळं तक्त्यात. इश्यू सेबीच्या कोणत्या नियमाखाली आणलाय तेही पुढे कळतं, ६(१) असेल तर कंपनीने नफ्याची अट पूर्ण केलेली असते आणि रिटेलला म्हणजे आपल्यासारख्या छोट्या गुंतवणूकदारांना किमान ३५ टक्के कोटा, ६(२) असेल तर ती किंवा दुसरी एखादी अट पूर्ण होत नाही म्हणून किमान ७५ टक्के मोठ्या संस्थांना आणि रिटेलला जास्तीत जास्त १० टक्के. एवढी एक ओळ बघितली तरी कंपनीच्या तब्येतीचा अंदाज येतो.

ऑफर फॉर सेल समजावताना सरांनी आमच्या अहिराणीत एकच प्रश्न फळ्यावर लिहिला, 'पैसा कोना खिसामा जास?' नवीन शेअर असतील तर पैसा कंपनीत जातो, ऑफर फॉर सेल असेल तर विकणाऱ्याच्या खिशात, कंपनीला त्यातला रुपया मिळत नाही. २०२२ चा एलआयसीचा इश्यू पूर्ण असाच, पैसा सरकारला गेला. ऑक्टोबर २०२४ चा ह्युंदाईचा २७ हजार कोटींच्या वरचा इश्यूही पूर्ण ऑफर फॉर सेल, पैसा कोरियातल्या मूळ कंपनीला. सर म्हणाले यात वाईट काही नाही, फक्त आपण कोणाकडून घेतोय आणि तो का विकतोय हे डोक्यात पाहिजे. वर्गात निम्म्या लोकांना हे माहीतच नव्हतं, आणि त्यातले बरेच वर्षानुवर्षं फॉर्म भरणारे होते.

आता ज्या भागासाठी मी चार स्टार देतेय तो भाग. ऑब्जेक्ट्स ऑफ द इश्यू, म्हणजे गोळा केलेल्या पैशाचं कंपनी करणार काय. सरांनी एका छोट्या कंपनीच्या जुन्या, बंद झालेल्या इश्यूची पानं झेरॉक्स करून वाटली, धान्य प्रक्रियेतली कंपनी होती, नाव लिहीत नाही. त्यात मशिनरीचा तक्ता, मशीन कोणतं, सप्लायर कोण, कोटेशनची तारीख, कोटेशन किती दिवस चालणार, रक्कम. आमच्या बॅचला एक आप्पा होते, डाळ मिलवाले, तोवर फार बोलत नव्हते कारण बाकी सगळं इंग्रजीत. तो तक्ता हातात आला आणि आप्पांनी चष्मा लावला, धान्य निवडायच्या मशीनच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सर, हे सॉर्टेक्स एवढ्याला? मी बसवलंय ना, मला निम्म्यात पडलं." सर म्हणाले आप्पा घाई नका करू, कॅपॅसिटी बघा, चॅनल किती बघा, इम्पोर्टेड आहे का बघा. आप्पांनी बाजूच्या पोराकडून सगळं स्पेसिफिकेशन वाचून घेतलं, शांतपणे ऐकलं, आणि म्हणाले हेच माझ्याकडे आहे. मग सरांनी सगळ्यांना रिलेटेड पार्टीचं पान उघडायला लावलं, सप्लायर मालकाच्या नात्यातला आहे का बघायला, तिथे नाव नव्हतं. मग रिस्क फॅक्टरमध्ये गेलो तर तिथे सरळ लिहिलेलं, या मशीनची ऑर्डर अजून दिलेली नाही, कोटेशनची मुदत संपू शकते, किंमत बदलू शकते. एवढ्यावरून कंपनीला खोटं ठरवता येत नाही, सरांनी ते दोनदा सांगितलं, पण प्रश्न तयार झाला आणि तो मसुद्याच्या काळात ईमेलने विचारता येतो. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं पण सगळ्या वर्गात तो कागद सगळ्यात चांगला त्यांनीच वाचला. आपल्याकडे जिनिंगवाले आहेत, पाईपवाले, चटईवाले, सराफ, केळीचे व्यापारी, या लोकांनी आपापल्या धंद्यातल्या कंपन्यांचे कागद वाचले तर मुंबईच्या ॲनालिस्टला दिसणार नाही ते यांना दिसेल असं मला मनापासून वाटतं.

सप्लायर तपासून काय होतं, असं एकाने विचारलं तेव्हा सरांनी ट्रॅफिकसोलचं उदाहरण दिलं. २०२४ चा एसएमई, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या बाजारातला, इश्यू, ७० रुपये भाव, सुमारे ४५ कोटी गोळा करायचे होते, ३४५ पटीच्या आसपास भरला. त्यातले १७.७० कोटी एका सॉफ्टवेअरच्या खरेदीला दाखवलेले. ज्याच्याकडून घ्यायचं होतं त्या सप्लायरबद्दलच तक्रार गेली, लिस्टिंग म्हणजे शेअर बाजारात येणं थांबलं, सेबीने चौकशी केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पैसे परत करायला लावले. ३४५ पट भरणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पान उघडलं असेल? त्याच वर्षीचा तो दिल्लीच्या दुचाकी शोरूमवाल्या कंपनीचा इश्यू आठवत असेल, रिसोर्सफुल ऑटोमोबाईल, दोन शोरूम, आठ कर्मचारी, १२ कोटींचा इश्यू आणि बोली आली ४८०० कोटींच्या आसपास. दोन शोरूम आणि आठ कर्मचारी ही कोणी उघडकीस आणलेली भानगड नव्हती, कंपनीनेच कागदात लिहून दिलेलं होतं. यानंतर २०२५ मध्ये एसएमईचे नियम कडक झाले, ऑफर फॉर सेल इश्यूच्या २० टक्क्यांवर नाही, जनरल कॉर्पोरेट पर्पजेस नावाच्या मोघम खात्यात १५ टक्के किंवा १० कोटी यातलं जे कमी तेवढंच, आणि कमीत कमी अर्जच दोन लाखांच्या वर नेला. मेनबोर्डला, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या मुख्य बाजारात, तो मोघम खर्च २५ टक्क्यांपर्यंत चालतो.

रिस्क फॅक्टरबद्दल माझं आधीचं मत होतं की ते वकिलांनी भरलेलं असतं, पूर, भूकंप, युद्ध, कोण वाचणार. सर म्हणतात पहिले दहा वाचा, कारण महत्त्वाचे वर ठेवावे लागतात. पेटीएमच्या २०२१ च्या कागदात आम्हाला आधीपासून तोटा होतोय आणि पुढे खर्च वाढणार असं कंपनीने स्वतः लिहून दिलं होतं. १८,३०० कोटींचा इश्यू, त्यातले १०,००० कोटी ऑफर फॉर सेल, २१५० रुपये भाव, आणि पहिल्याच दिवशी २७ टक्के खाली बंद झाला. मी त्यात भरला नव्हता पण ग्रुपवरच्या दोघींचे पैसे गेले होते, त्यांना मी ती ओळ नंतर दाखवली तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आपल्याकडे या विषयावर बोलायला लागलं की कोणीतरी अमळनेर काढतंच. विप्रो १९४५ मध्ये अमळनेरला तेलाच्या कारखान्यापासून सुरू झाली, तिथल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या शेअर आहेत, म्हणून आपण पण भरत राहायचं, कधीतरी एक लागेल. सरांचं म्हणणं मला फार पटलं, अमळनेरच्या लोकांसमोर तो कारखाना होता, भोंगा ऐकू यायचा, मालक दिसायचा, कामाला आपलीच माणसं. आज आपण नोएडाची, सुरतची, हैदराबादची कंपनी घेतो, तिचं गेट पण बघितलेलं नसतं. ते सगळं आपल्याला दाखवायला दुसरं कोणी येत नाही, हा कागदच आहे.

आता एक स्टार कुठे कापला ते. आकड्यांचा भाग घाईत उरकला. कॅश फ्लोबद्दल सर एवढंच बोलले की नफा वाढतोय आणि धंद्यातून येणारी रोकड मायनसमध्ये आहे असं तीन वर्षं दिसलं तर येणी बघा, माल गेला, बिल फाटलं, पण पैसा आला कुठे. हे व्यापाऱ्यांना लगेच समजलं पण आम्हा गृहिणींना आणि कॉलेजच्या पोरांना एकदा आकडे घालून करून दाखवायला हवं होतं. ज्या पानावर सगळ्यात जास्त थांबायचं त्याच पानावर आम्ही धावलो, याचं मला खरंच वाईट वाटलं. दुसरं म्हणजे नोट्स सगळ्या इंग्रजीत. मूळ कागद इंग्रजीत असतो मान्य, पण पन्नासएक शब्दांची मराठी यादी दिली असती तर आप्पांसारख्यांना बाजूच्या पोरावर अवलंबून राहावं लागलं नसतं. ऑक्टोबर २०२४ पासून मेनबोर्डच्या कंपन्यांना कागदातल्या महत्त्वाच्या गोष्टींचा दहाएक मिनिटांचा व्हिडिओ पण काढावा लागतो, इंग्रजी आणि हिंदीत, क्यूआर कोडने उघडतो. वर्गात एक लावला होता, तोंडओळख म्हणून ठीक आहे, पण मशिनरीचा तक्ता आणि सप्लायर असल्या गोष्टी त्यात कुठून दिसणार. मराठीत असता तर मी आईला पण दाखवला असता. कंपनीचं नोंदणीकृत ऑफिस महाराष्ट्रात असेल तर मराठी पेपरात जाहिरात द्यावीच लागते, मग व्हिडिओ मराठीत द्यायला काय हरकत आहे?

बाकी किरकोळ. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो. उन्हाळ्यात एक कूलर पुरत नाही, जळगावचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे. प्रोजेक्टरवर बारीक अक्षर मागून दिसत नाही, पुढे बसा. बायका कमी असतात पण मला कुठेही अवघडल्यासारखं झालं नाही, सर सगळ्यांना ताई भाऊ करूनच बोलतात आणि प्रश्न विचारला की थांबून उत्तर देतात. कुठला शेअर घेऊ असं विचारलं तर मात्र हात जोडतात, आणि कुठल्या ब्रोकरचं खातं उघडा असं एकदाही म्हणाले नाहीत, फी घेऊन शिकवणाऱ्यात हे दुर्मिळ आहे.

लिस्टिंगच्या दिवशी विकून मोकळं व्हायचं एवढंच ज्याला करायचंय त्याला इथे कंटाळा येईल, त्याने जाऊ नये. स्वतःच्या धंद्याची ज्याला माहिती आहे आणि चारपाच लाख बाजूला पडलेत त्याने नक्की जावं. धुळे नंदुरबारवाल्यांना लांब पडतं, ऑनलाइन बॅच नाही, रेकॉर्डिंग देत नाहीत. जाताना मोबाईलपेक्षा लॅपटॉप न्या, पाचशे पानांच्या पीडीएफमध्ये शब्द शोधायला तो बरा पडतो, आणि आपल्याच धंद्यातल्या एखाद्या कंपनीचा डीआरएचपी आधी डाउनलोड करून न्या, सर शेवटी अर्धा तास त्यावरच बसवतात.